हेतू पाद्र्यांचा, प्रश्न विद्यार्थ्यांचे : मिशनशाळांतील मानव्यविद्यांचा फेरविचार

मराठी मुलखातल्या मिशनशाळांविषयी आपल्याकडे दोन कथा चालत आल्या आहेत. पहिली कथा सांगते की या शाळा म्हणजे बाटवण्याचे गळ होते. इंग्रजी हे त्यावरचे आमिष आणि बाप्तिस्मा घेतलेला मुलगा हा गळाला लागलेला मासा. दुसरी कथा सांगते की अंधारात चाचपडणाऱ्या समाजाला याच शाळांनी दिवा दाखवला. मुलींना अक्षरे दिली, ज्यांना कोणी ओटीवर येऊ देत नव्हते त्यांना पाटी दिली. पहिली कथा जुन्या वर्तमानपत्री वादांतून आपल्यापर्यंत आली, दुसरी शताब्दीच्या स्मरणिकांतून. दोन्हींच्या पाठीशी पुरावे आहेत, म्हणून दोन्ही टिकून आहेत. पण दोन्ही शाळेच्या फाटकाशीच थांबतात. एक कथा आत गेलेल्यांपैकी किती बाटले हे मोजते, दुसरी आतून किती मोठी माणसे बाहेर पडली हे मोजते. आत, तासाला, कोणते पुस्तक उघडले जात होते, ते कशासाठी निवडले होते आणि ते वाचताना मुलाला काय विचारायची मुभा होती, याची चौकशी क्वचितच होते.

हा लेख त्या चौकशीसाठी आहे. मी कोणत्याही विद्यापीठाचा संशोधक नाही. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात बसून जुनी चरित्रे, आत्मकथने आणि अहवाल वाचणे एवढीच माझी शाळा. त्या वाचनातून माझे एक मत बनले आहे. मानव्यविद्यांच्या अभ्यासक्रमाची पारख शाळेने जाहीर केलेल्या हेतूवरून होत नाही, आणि त्या हेतूच्या यशापयशावरूनही होत नाही. दुसऱ्याच्या ग्रंथाला जो प्रश्न विचारायला शिकवले, तोच प्रश्न आपल्या ग्रंथाला विचारता येतो का, ही तिची खरी कसोटी आहे. मिशनशाळा या कसोटीवर अर्ध्याच उतरल्या. उरलेले अर्धे काम त्यांच्या विद्यार्थ्यांनी केले, आणि आपल्या एकोणिसाव्या शतकाचे बरेचसे वैचारिक वैभव त्या अर्ध्यातून आलेले आहे.

१

स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ साली मुंबईला आले. आरंभी ते कोकणात राहून मराठी शिकले. त्यांची पत्नी मार्गारेट हिने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. १८३२ साली गिरगावातल्या आंब्रोळी येथे विल्सन यांनी इंग्रजी शाळा उघडली. तीच पुढे अनेक नावे बदलत आजच्या विल्सन हायस्कूल आणि विल्सन कॉलेजपर्यंत येऊन पोहोचली. पुण्यातही स्कॉटिश मिशनची शाळा होती. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात तिथे शिकले. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली ठाणे मांडले आणि शाळांबरोबर छापखान्याच्या व नियतकालिकांच्या कामालाही पुढे बळ दिले.

या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एक नमुना होता. अलेक्झांडर डफ यांनी १८३० साली राममोहन रॉय यांच्या साहाय्याने कलकत्त्यात शाळा काढली होती. तिची योजना सरळ होती : इंग्रजीतून सगळे पाश्चात्त्य ज्ञान द्यायचे आणि त्याच्या मध्यभागी रोज बायबल ठेवायचे. भूगोल, इतिहास, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, इंग्रजी वाङ्मय हे सगळे विषय त्या मध्यबिंदूभोवती मांडलेले. डफ यांनी स्वतः एक प्रसंग लिहून ठेवला आहे. वाचनाच्या धड्यात पावसाचा उल्लेख आला. पाऊस कुठून येतो, असे त्यांनी विचारले. एका मुलाने सांगितले, इंद्राच्या हत्तीच्या सोंडेतून. आपल्या गुरूने तसे सांगितले आणि गुरूने ते शास्त्रात वाचले. डफ यांनी भात शिजताना भांड्यातून निघणाऱ्या वाफेपासून सुरुवात करून पावसाचे कारण समजावले, आणि वर्गात खळबळ उडाली. पावसाचे म्हणणे खोटे असेल तर त्याच शास्त्रातले बाकीचे काय, ही शंका मुलांना आपोआप आली. डफ यांना त्यातून एक सूत्र सापडले. धर्माची उघड निंदा करण्याची गरज नाही; साध्या पाठ्यपुस्तकातला साधा धडाच ते काम करतो.

मानव्यविद्यांच्या अभ्यासक्रमाचा हेतू इतक्या उघडपणे क्वचितच कोणी मांडला असेल. आज आपण शाळेच्या पत्रकात ‘सर्वांगीण विकास’ वाचतो आणि पान उलटतो. डफ, विल्सन आणि त्यांचे सहकारी आपला हेतू झाकत नव्हते. इतिहास कशासाठी? ईश्वरी योजना दाखवण्यासाठी. नीतिशास्त्र कशासाठी? मनुष्याच्या पापाची आणि तारणाच्या गरजेची जाणीव देण्यासाठी. भूगोल कशासाठी? मेरू पर्वत आणि दुधातुपाचे समुद्र नकाशावर नाहीत हे दाखवण्यासाठी. हा हेतू आपल्याला पटो वा न पटो, प्रत्येक तास कशासाठी आहे याचे उत्तर या शिक्षकांपाशी होते. टीकाकाराने आधी एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे.

२

या अभ्यासक्रमाचा कणा होता ‘ख्रिस्ती धर्माची प्रमाणे’ हा विषय. विल्यम पेली या इंग्रज धर्मपंडिताचे या विषयावरचे पुस्तक १७९४ सालचे. जोसेफ बटलर यांचे निसर्गधर्म आणि प्रकट धर्म यांची तुलना करणारे पुस्तक १७३६ सालचे. विलायतेतल्या विद्यापीठांत ही पुस्तके लावलेली असत आणि मिशनच्या वरच्या वर्गांतही ती चालत. पेली यांची पद्धत कोर्टातल्या वकिलाची आहे. चमत्कार पाहिल्याचे सांगणारे साक्षीदार कोण होते? त्यांनी ते स्वतः पाहिले की ऐकले? खोटे बोलण्यात त्यांचा काही फायदा होता का? त्यांच्या जबान्या एकमेकींशी जुळतात का? ग्रंथ केव्हा लिहिला गेला आणि तो तसाच्या तसा आपल्यापर्यंत आला याला आधार काय?

आता विचार करा, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात हे प्रश्न दिले तर काय होईल. घरी त्याने पुराण ऐकले आहे, कीर्तन ऐकले आहे, पोथीचे पारायण पाहिले आहे. अर्थ, भाष्य, पाठांतर हे सगळे त्याच्या परंपरेत होते. वादविवाद तर भरपूर होता. पण ग्रंथाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे हे त्याला नवे होते. विल्सन यांनी हेच जाहीरपणे केले. मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा वाद झाला आणि १८३२ साली विल्सन यांनी हिंदू धर्माचे ‘उघडे रूप’ दाखवणारे पुस्तक लिहिले. पुराणांतले परस्परविरोध, देवांच्या वागण्यातले दोष, भूगोलातल्या चुका अशी त्यात जंत्री आहे. पुढे पारशी धर्मग्रंथांनाही त्यांनी हीच मोजपट्टी लावली. त्यांचा व्यासंग खोटा नव्हता. संस्कृत आणि झेंद यांचा त्यांचा अभ्यास त्या काळी मानला जाई.

दोष होता तो वेगळ्या जागी. साक्षीदाराची उलटतपासणी शिकवणाऱ्या याच वर्गात एक ग्रंथ असा होता की ज्याच्या तपासणीचा निकाल आधीच ठरलेला होता. ‘प्रमाणां’च्या विषयात प्रश्न सगळे होते, पण उत्तर एकच लिहायचे होते. पुराणातला चमत्कार खोटा ठरवण्यासाठी जो तर्क वापरायचा, तो तर्क लाल समुद्र दुभंगण्यापाशी येऊन थांबायचा. एका डोळ्याला चष्मा आणि दुसऱ्या डोळ्याला पट्टी, असा हा प्रकार होता.

या पट्टीची दखल बाहेरच्यांनी लवकरच घेतली. विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले, तेव्हा त्यांचा रोख बायबलातल्या विसंगतींवरही होता. विष्णुबावा मिशनशाळेत शिकलेले नव्हते, ते बाहेरून दगड मारत होते. मला अधिक महत्त्वाचे वाटतात ते आतले, म्हणजे ज्यांनी शाळेत मिळालेला चष्मा घरी नेला आणि पट्टी काढून ठेवली ते.

३

बाबा पदमनजी यांच्यापासून सुरुवात करू. १८३१ साली बेळगावात जन्मलेला हा कासार घरातला मुलगा बेळगावच्या मिशनशाळेत आणि नंतर मुंबईच्या फ्री चर्च इन्स्टिट्यूशनमध्ये शिकला. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शाळेच्या हेतूच्या दृष्टीने हे पूर्ण यश. पण त्यांचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ वाचताना लक्षात येते की ही वाट गळाला लागलेल्या माशाची नाही. वर्षानुवर्षे चाललेले वाचन, घरच्या व्रतवैकल्यांवरची श्रद्धा, मग शंका, मग परमहंस सभेतला गुप्त वावर, आईवडिलांचे दुःख, पुन्हा वाचन, असा तो प्रवास आहे. आणि ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी लिहिले काय? १८५७ सालचे ‘यमुनापर्यटन’, हिंदू विधवांच्या दुःस्थितीचे कथानक. धर्मप्रचार त्यात आहेच. पण ठिकठिकाणच्या बायांचे दुःख ऐकून टिपून ठेवणारे मराठी गद्यही त्यात आहे. माणसाच्या दुःखाची साक्ष घेण्याची ही सवय मला ‘प्रमाणां’च्या तासाशी नाते सांगणारी वाटते. पुराव्याचा प्रश्न इथे चमत्काराकडून केशवपनाकडे वळला आहे.

दुसरे उदाहरण अर्थातच जोतीराव फुले. १८४७ साली त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी टॉमस पेन यांचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. पेन मिशनच्या अभ्यासक्रमात असण्याची शक्यताच नव्हती. डफ यांनी कलकत्त्यातल्या तरुणांमध्ये पेनची पुस्तके कशी हातोहात खपत आहेत हे चिडून लिहिले आहे. इथे एक योगायोग पाहण्यासारखा आहे. पेनच्या ‘एज ऑफ रीझन’चा पहिला भाग आणि पेली यांचे ‘प्रमाणां’वरचे पुस्तक ही दोन्ही १७९४ सालची. दोघांच्या हातात एकच हत्यार आहे, साक्षीची तपासणी. पेली म्हणतात, साक्षीदार विश्वासार्ह आहेत. पेन म्हणतात, देवाने दुसऱ्या कोणाला काही सांगितले असेल तर ते त्याच्यापुरते प्रकटीकरण. माझ्यासाठी ती ऐकीव गोष्ट. ज्याने पेली यांचे प्रश्न शिकून घेतले, त्याला पेनपर्यंत पोहोचायला एक पाऊलच टाकायचे होते.

फुले यांनी ते पाऊल टाकले, पण पाद्र्यांशी वैर धरून नव्हे. १८५५ सालच्या ‘तृतीय रत्न’ नाटकात भोळ्या कुणबी जोडप्याला लुबाडणारा जोशी आहे आणि त्याची लबाडी उघड करणारा पाद्रीही आहे. शाळेने दिलेल्या पद्धतीचे ऋण लेखकाने इथे मोकळेपणाने मान्य केले आहे. पण शेवटी ते जोडपे चर्चकडे जात नाही. ते शिकायला जायचे ठरवते, जोतीरावांनी मोठ्या माणसांसाठी काढलेल्या रात्रीच्या शाळेत. पाद्र्याचा युक्तिवाद घेतला, निष्कर्ष मात्र स्वतःचा काढला. १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त हा विचार परिपक्व झालेला दिसतो. तिथे एका कुटुंबाची कल्पना आहे. बाई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सत्यधर्मी होतो, आणि सगळे एका घरात गोडीने राहतात. या कल्पनेच्या औदार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे लक्ष तिच्यातल्या ‘वाचून’ या क्रियापदाकडे जाते. प्रत्येकाने आधी वाचले आहे. जन्माने, आमिषाने, भीतीने कोणी काही झालेले नाही. मिशनशाळेचे वेळापत्रक एका ग्रंथाकडे नेणारे होते. फुले यांनी ते घराच्या आकाराचे केले आणि सगळे ग्रंथ एकाच फळीवर ठेवले.

तिसरे उदाहरण आणखी एक पिढी पुढचे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वय चौदाच्या आसपास. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील आणि आम्हाला ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर आम्ही धर्मपुस्तकाविना राहिलो. मग आमचा धर्म कोणता, असे ती देवालाच विचारते. या प्रश्नाची घडण पाहा. ग्रंथ खरा की खोटा याच्या आधी तिने विचारले, तो कोणाचा? साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे करण्याआधी कोर्टात प्रवेश कोणाला आहे, असा हा सवाल आहे. ना पेलींच्या पुस्तकात तो आहे, ना डफ यांच्या योजनेत. तो छापला मात्र मिशनच्या पत्राने, आणि ही नोंद मिशनच्या खात्यावर जमेच्या बाजूला पडली पाहिजे.

मिशनच्या पद्धतीचा असा उलटा प्रवास आपल्याकडेच झाला असे नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताचे बिशप जॉन कोलेन्सो झुलू भाषेत बायबलचे भाषांतर करत होते. नोहाच्या जलप्रलयाची गोष्ट चालू असताना त्यांचा झुलू साहाय्यक विल्यम न्गिदी याने विचारले, हे सगळे खरेच असे घडले का? कोलेन्सो शाळांसाठी गणिताची पुस्तके लिहिणारे गृहस्थ. त्यांना हो म्हणवेना. १८६२ पासून त्यांनी मोशेच्या ग्रंथांची आकडेवारी तपासणारे खंड प्रसिद्ध केले आणि पाठोपाठ पाखंडीपणाचा खटला ओढवून घेतला. विद्यार्थ्याचा प्रश्न शिक्षकाने आपल्या ग्रंथाला लावून पाहिला, याचे इतके ठळक उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

४

आता या विषयावरच्या एका प्रसिद्ध पुस्तकाकडे वळतो. गौरी विश्वनाथन यांचे ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ १९८९ साली आले. इंग्रजी वाङ्मय हा विषय विलायतेत नीट रुजण्याआधी हिंदुस्थानात रुजला. कंपनी सरकारला धार्मिक तटस्थता पाळायची होती, म्हणून बायबल न शिकवता बायबलचे संस्कार मिल्टन आणि शेक्सपिअर यांच्यातून द्यायची सोय झाली. वाङ्मय हा सत्तेचा मुखवटा ठरला, अशी त्यांची मांडणी आहे. ती मला बऱ्याच अंशी पटते. सरकारी शाळा आणि मिशनशाळा यांच्यातली भिंत वाटते तितकी जाड नव्हती, हे या पुस्तकाने दाखवून दिले.

पण पुस्तकाची मर्यादा लेखिकेनेच सांगितलेली आहे. ते शिकवणाऱ्यांच्या हेतूचे पुस्तक आहे. शिकणाऱ्यांनी त्याचे काय केले हा त्याचा विषय नाही. अडचण पुढे झाली. हे पुस्तक वाचून आपल्याकडे जे लिहिले गेले, त्यातल्या पुष्कळ लेखनाने ही मर्यादाच सिद्धान्त करून टाकली. हेतू साम्राज्याचा होता, म्हणून परिणामही साम्राज्याचाच, असे समीकरण रूढ झाले. मग फुले यांचे काय करायचे? एक तर त्यांना मिशनऱ्यांच्या हातचे बाहुले म्हणायचे, जसे त्यांच्या काळातल्या विरोधकांनी म्हटले. नाही तर शाळेचा संबंध पुसून त्यांना स्वयंभू ठरवायचे. रोझलिंड ओ’हॅनलन यांनी १९८५ सालच्या आपल्या ग्रंथात फुले आणि मिशनरी विचार यांचा संबंध कष्टाने तपासला आहे. तो धागा पकडून वर्गखोलीपर्यंत जाण्याचे काम मराठीत अजून व्हायचे आहे. अभ्यासक्रम म्हणजे बंदुकीची गोळी नव्हे, की ज्या दिशेने झाडली त्याच दिशेने जाईल. तो बियाण्यासारखा असतो. पेरणाऱ्याने काय पेरले हे महत्त्वाचे, पण जमीन कोणती आणि पाऊस किती यावर पीक ठरते. जातीची झळ सोसलेल्या मुलाच्या मनात पडलेली तर्कशास्त्राची दोन वाक्ये आणि सुस्थित घरातल्या मुलाच्या मनात पडलेली तीच दोन वाक्ये सारखी उगवत नाहीत.

५

सरकारी शाळांचा मार्ग दुसरा होता. तिथे बायबल वर्गाबाहेर. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने हे धोरण पक्के केले, पण गमतीदार पळवाटेसह : बायबल ग्रंथालयात असायला हरकत नाही, विद्यार्थ्याने आपण होऊन विचारले तर शिक्षकाने शाळेच्या वेळेबाहेर सांगायलाही हरकत नाही, निरीक्षकांनी मात्र त्याची दखल घेऊ नये. खाजगी शाळांना ऐहिक शिक्षणाच्या दर्जावर अनुदान मिळू लागले आणि मिशनशाळा त्या व्यवस्थेत आल्या. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, १८५९ पासून मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली.

माझ्या मते मिशनशाळांच्या मानव्यविद्यांवर सगळ्यात मोठा घाला इथे पडला. तो ना शास्त्र्यांनी घातला, ना पेनने. तो मॅट्रिकने घातला. पालकांना निकाल हवा, अनुदानाला निकाल हवा. ज्याला गुण नाहीत तो धर्मशिक्षणाचा तास हळूहळू आळसाचा तास झाला आणि ज्याला गुण आहेत तो इतिहास पाठांतराचा झाला. पूर्वी प्रत्येक विषयाला ‘कशासाठी’ होते, मग ते आपल्याला मान्य असो वा नसो. आता सगळ्यांचे एकच ‘कशासाठी’ उरले. वाद घालणारा पाद्री गेला आणि गाइड आले.

ही पोकळी त्या काळीही जाणवली होती. १८८२ च्या हंटर आयोगाने एक सूचना केली : निसर्गधर्माच्या मूलतत्त्वांवर आधारलेले नीतीचे एक पाठ्यपुस्तक तयार करावे आणि ते सरकारी व खाजगी कॉलेजांत लावावे. म्हणजे कोणत्याच धर्माचे नाही आणि कोणालाच न दुखावणारे नीतिशिक्षण. आयोगाचे सदस्य काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी आपल्या भिन्नमतपत्रिकेत या सूचनेला विरोध केला. आपल्या सामाजिक इतिहासात हा विरोध जवळजवळ विसरला गेला आहे, पण तो आजही वाचण्यासारखा आहे. नीतीचे पुस्तक लावले म्हणजे नीती येते, हा समजच त्यांना मान्य नव्हता.

याच आयोगापुढे फुले यांनी निवेदन दिले. आपण काही वर्षे मिशनच्या मुलींच्या वसतिगृहशाळेत शिकवत होतो, अशी आपली ओळख त्यांनी त्यात दिली आहे. प्राथमिक शाळेसाठी त्यांनी सुचवलेला अभ्यासक्रम असा : मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, सामान्य भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे थोडे धडे. यात धर्मग्रंथ नाही, पण इतिहास आहे, व्याकरण आहे. शेतकऱ्याच्या मुलाला नांगरापुरते शिकवा, असे सांगणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. फुले यांनी नांगर घेतला आणि इतिहास सोडला नाही.

६

हे सगळे आज उकरून काढायचे कारण काय? कारण प्रश्न मिटलेला नाही, फक्त त्याची बाजू बदलली आहे. आपल्या संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने संपूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धर्मशिक्षण नाकारले आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते संमतीशिवाय सक्तीचे करता येणार नाही असे सांगितले. अज्ञान मुलाच्या बाबतीत संमती पालकाची. ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवण्याचा हक्क दिला. दोन्ही तरतुदी योग्य आहेत. पण त्या सांगतात ते काय शिकवू नये आणि कोणी चालवावे एवढेच. काय वाचावे आणि कसे वाचावे हे कोणतेही कलम सांगू शकत नाही.

आज ख्रिस्ती संस्थांच्या शाळांपुढे प्रवेशासाठी रांगा लागतात. रांगेतल्या बहुतेकांना तिथली इंग्रजी आणि शिस्त हवी असते. या शाळांची पत्रके मी जमवतो, तसा इतर धर्मांच्या आणि कोणत्याच धर्माच्या नसलेल्या शाळांचीही जमवतो. मूल्यशिक्षणाचा तास सगळ्यांकडे आहे, आणि त्या तासाची यादी आश्चर्य वाटावे इतकी सारखी आहे : प्रामाणिकपणा, आदर, करुणा, देशप्रेम. यातल्या एकाही मूल्याविषयी माझी तक्रार नाही. मला खटकते ते एवढेच, की ही मूल्ये ज्या ग्रंथांतून, कथांतून, इतिहासातून आली असे सांगितले जाते, त्या ग्रंथांना प्रश्न विचारण्याचा तास कुठे नाही. मिशनच्या जुन्या वर्गात एका डोळ्याला पट्टी होती. नव्या वर्गांत, मग ते कोणत्याही रंगाच्या झेंड्याखालचे असोत, दोन्ही डोळे सुखाने मिटलेले असतात. आपल्या ग्रंथाला प्रश्न नको म्हणून दुसऱ्याच्याही ग्रंथाला विचारायचा नाही, या मूक कराराला आपण सहिष्णुता म्हणू लागलो आहोत. आणि हा करार मोडतो तेव्हा काय होते? फक्त दुसऱ्याच्याच ग्रंथाला प्रश्न विचारले जातात, तेही शाळेबाहेर, घोषणांच्या आवाजात.

कोणत्याही श्रद्धेच्या शाळेने आपली श्रद्धा लपवावी असे माझे म्हणणे नाही. उलट तिने ती विल्सन यांच्यासारखी उघड सांगावी. इतिहास का शिकवतो, कविता का शिकवतो, हे स्पष्ट लिहावे. फक्त त्यानंतर वर्गात न्गिदी उभा राहिला तर त्याला खाली बसवू नये.

या परंपरेतले माझे सगळ्यात आवडते नाव कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे आहे. ते विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. त्या ख्रिस्ती शाळेत शिकवणाऱ्या या गृहस्थांनी मराठीत तुकारामांचे चरित्र लिहिले, शिवाजी महाराजांचे लिहिले आणि गौतम बुद्धाचेही लिहिले. वडिलांचे स्नेही असलेल्या केळुसकरांनी आपल्या शालेय परीक्षेतल्या यशाच्या सत्कारसभेत हे बुद्धचरित्र आपल्याला भेट दिले, असे बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. तिथेच त्यांनी सांगितले आहे की घरी वडील रामायण-महाभारत वाचायला लावत आणि मुलगा त्यांना उलट प्रश्न विचारत असे. म्हणजे प्रश्न विचारणारा मुलगा आधीच तयार होता. त्याला पुस्तक देणारा शिक्षक भेटला. ते पुस्तक कोणत्याही वेळापत्रकात नव्हते. पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी रांगेत उभे राहताना पालकांनी शाळेला फीबरोबर एवढे जरूर विचारावे : तुमच्याकडे असे पुस्तक देणारे शिक्षक किती आहेत, आणि ते दिल्यावर तुम्ही त्यांना काय म्हणता?